ब्लेचली पार्क येथील गोपनीय युद्धसेवा

ब्लेचली पार्क हे दुसऱ्या महायुद्धकाळात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारे ब्रिटिश केंद्र होते. ते इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर काउंटीत आहे. १९४५ च्या सुरुवातीस येथे व उपकेंद्रांत मिळून सुमारे ९,००० कर्मचारी होते. त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या.

मौन
कर्मचाऱ्यांना गोपनीयतेची लेखी हमी द्यावी लागे. युद्ध संपल्यानंतरही ती बंधनकारक राहिली. १९७४ मध्ये एफ. डब्ल्यू. विंटरबॉथम यांच्या 'द अल्ट्रा सीक्रेट' या ग्रंथामुळे हे कार्य सर्वांना ज्ञात झाले. तोपर्यंत अनेक कर्मचारी कुटुंबीयांना काहीही न सांगता निवर्तले होते. काहींनी त्यानंतरही मौन सोडले नाही.

वारसांचा शोध
ब्लेचली पार्कची 'रोल ऑफ ऑनर' ही नामसूची वारसांना आरंभी उपयोगी पडते. तीत नावासोबत सेवाकाळ, सैन्यशाखा व विभाग यांची उपलब्ध माहिती असते. मात्र काम विभागून दिलेले असल्याने अनेकांना शेजारच्या कक्षातील कामाचीही कल्पना नसे. त्यामुळे आई कोठे होती हे नोंदीतून कळले, तरी तिला स्वतःला कितपत ठाऊक होते, हे त्यातून कळतेच असे नाही. 'कार्यालयीन काम' हे तिचे त्रोटक उत्तर कित्येकदा खोटे नव्हे, तर अपुरे होते.