बांबू, वनकायदा आणि आपला व्यवसाय : एक ऐतिहासिक अवलोकन

बुरुडाच्या घरी जन्मलेल्या मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वी बांबूची ओळख होते. आजोबांच्या कोयत्याखाली उभा चिरत जाणारा वेळू, अंगणात पसरलेल्या कामट्या आणि आईच्या बोटांतून आकार घेणारी टोपली ही आपल्या ज्ञातीची पहिली शाळा होय. सूप, रोवळी, परडी, करंडी, कणगी, डालगे, तट्ट्या या वस्तूंवाचून गावाचे एकही खळे, एकही स्वयंपाकघर आणि एकही लग्नघर पूर्वी पुरे होत नसे. माणसाच्या अखेरच्या प्रवासाची तिरडीसुद्धा आपल्याच बांबूची. असे असता ज्या बांबूवर हा सारा संसार उभा आहे, त्या बांबूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारलेला आहे. त्या प्रश्नाचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे संक्षेपाने मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बाराव्या शतकातील शरण मेदार केतय्या हे महात्मा बसवेश्वरांचे समकालीन होत. बांबूच्या वस्तू विणून त्या विकाव्यात आणि त्या कष्टाच्या मिळकतीतून दासोह चालवावा, असा त्यांचा कायक होता. त्यांच्या काळी अरण्यात जाऊन वेळू तोडावयाचा तर कोणा खात्याचा परवाना लागत नसे. पुढेही कित्येक शतके गावालगतचे रान हे गावच्या वहिवाटीचे असे. गवत, सरपण, फळे, डिंक आणि वेळू गरजेपुरते आणावे, असा रिवाज होता.

हा रिवाज इंग्रजी अमलात मोडला. 1865 साली पहिला वनकायदा झाला. 1878 च्या कायद्याने राखीव आणि संरक्षित अशा वर्गवाऱ्या घट्ट केल्या, आणि जे काल वहिवाटीने आपले होते ते आज सरकारच्या मेहेरबानीचे ठरले. या अन्यायाकडे महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात लक्ष वेधले होते, हे आपण विसरता कामा नये. त्यानंतर 1927 चा भारतीय वनकायदा आला. त्यातील व्याख्येने ‘झाड’ या शब्दात बांबूचाही समावेश केला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवताच्या कुळातील आहे. परंतु कायद्याने त्याला वृक्षाच्या पंक्तीस बसविले आणि त्याची तोड व वाहतूक परवान्याच्या बंधनात अडकविली. एका शब्दाच्या व्याख्येने हजारो कारागिरांच्या डोक्यावरील मोळी संशयास्पद ठरावी, असे उदाहरण इतिहासात विरळाच सापडेल.

लोकांनी हे सारे मुकाट्याने सोसले, असे मात्र नाही. 1930 च्या सविनय कायदेभंगात आपल्या प्रांती समुद्र दूर असलेल्या भागांनी मिठाऐवजी जंगलाचा कायदा मोडला. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथे राखीव रानातील गवत कापून सत्याग्रह केला. त्याच वर्षी 25 सप्टेंबर रोजी उरणनजीक चिरनेर येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यात प्राण देणाऱ्यांत नाग्या कातकरी हा वनवासी तरुण होता. गवताच्या पेंढीसाठी माणसे मेली, ही गोष्ट आज विलक्षण वाटते. परंतु ज्याच्या घरची चूल रानावर चालते, त्याला त्यात विलक्षण असे काही वाटणार नाही.

स्वराज्य आले, पण कायदा तोच राहिला. उलट बांबूला नवा मोठा गिऱ्हाईक मिळाला, तो म्हणजे कागद कारखाना. शेजारच्या कर्नाटकात दांडेलीच्या कारखान्याला 1958 च्या सुमारास टनास दीड रुपया अशा नाममात्र दराने बांबू देण्यात आला. तिकडील मेदार, म्हणजे आपलेच व्यवसायबंधू, बाजारात त्याच्या कितीतरी पट दाम मोजत होते. बांबूची बेटे ओस पडू लागली तेव्हा या टोपली विणणाऱ्यांनी सरकारदरबारी गाऱ्हाणे नेले. त्यातून सत्तरच्या दशकाच्या मध्यास, मूळचे पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांच्याकडे पाहणीचे काम आले. बेटे का मरतात? गुरे चारणाऱ्या व बांबू तोडणाऱ्या गावकऱ्यांमुळे, असे अधिकाऱ्यांचे मत होते. गावकरी निराळेच सांगत होते. बेटाची वाढ सुधारावी म्हणून कारखान्याची माणसे बुडाशी असलेले काटेरी जाळे साफ करीत. त्या काट्यांनीच तर कोवळ्या कोंबांचे रक्षण होत असे. काटे गेले, कोंब जनावरांच्या तोंडी पडले आणि बेट म्हातारे होऊन खचले. पाहणीअंती गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले. ज्ञान केवळ कचेरीत नसते, ते कोयत्याच्या मुठीतही असते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

आता आपल्या राज्याकडे वळू. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे लहानसे गाव आहे. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध जी चळवळ झाली, तीतून या गावाला आपल्या शक्तीची जाणीव झाली. श्री. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’चे श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात गावाने अभ्यासगट चालविले. बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याची प्रथा पाडली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाने गाजविली.

2006 साली संसदेने वनहक्क कायदा संमत केला. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यानुसार 2009 साली मेंढा गावाला सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि हक्कपत्र हाती आले तरी वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखाते सोडीना. तोडलेला बांबू गावाबाहेर नेता येत नसेल तर हक्क कागदावरच राहणार! गावाने धीर सोडला नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश आणि मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. तेव्हापासून बांबू कोणी, किती व कोणत्या दराने न्यावा, हे गाव ठरवू लागले.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव हे दुसरे उदाहरण. 2012 साली या गावाला सुमारे 1,000 हेक्टर वनावर हक्क मिळाला. गावाने स्वतः नियम केले, बांबूच्या विक्रीतून रोजगार उभा केला, आणि तेंदूपानासाठी फांद्या तोडाव्या लागतात व रानाला आगी लागतात म्हणून ते उत्पन्न स्वखुशीने सोडून दिले. पोटासाठी रान राखावे आणि रानासाठी थोडे पोट आवळावे, असा हा समतोल आहे. पुढे 2017 साली केंद्र सरकारने 1927 च्या कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून बांबूला वगळले. त्यामुळे वनाबाहेर, शेताच्या बांधावर लावलेला बांबू तोडण्यास व नेण्यास केंद्रीय कायद्याची आडकाठी उरली नाही. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झाले.

हे सारे ऐकून आपल्यापैकी काही वडीलधारी मंडळी चिंता व्यक्त करतात. वनखात्याच्या आगारातून बुरूड कारागिराला सवलतीने बांबू मिळण्याची पद्धत होती. आता रान ग्रामसभांच्या हाती गेले तर शहरातील वा दूरच्या गावातील बुरुडाने कोठे जावे? ही भीती अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. सवलत ही सरकारने दिलेली होती, आणि गोंड बांधवांनी ती चालू ठेवलीच पाहिजे असा आग्रह आपण धरू शकत नाही. परंतु इतिहास पाहता एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपली बेटे वनवासी बांधवांनी संपविली नाहीत. ज्या कायद्याने त्यांना रानाबाहेर काढले, त्याच कायद्याने आपली मोळी अडविली. आणि ज्या नाममात्र दराने कारखान्यांना बांबू गेला, त्याने दोघांचेही नुकसान झाले. तेव्हा दोन गरिबांनी एकमेकांकडे संशयाने पाहणे हे दोघांच्याही हिताचे नाही.

यास्तव दोन-तीन सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. जी बुरूड कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वनालगतच्या गावांत नांदत आहेत, ती त्या ग्रामसभेचे सभासद आहेत. त्यांनी सभेस नियमाने उपस्थित राहून आपल्या गरजेची नोंद करावी. शहरांतील कारागिरांनी एकेकट्याने दलालाकडे न जाता सहकारी संस्था करावी, आणि ग्रामसभांशी उचित दराने थेट व्यवहार ठरवावा. ज्यांना शेती आहे त्यांनी बांधावर बांबू लावावा. आणि बेटाचा जुना नियम आपण स्वतः पाळावा : कोवळा वेळू तोडू नये, आणि प्रत्येक बेटात काही जून वेळू राखून ठेवावेत. आपल्या मंडळाने या कामी तरुणांना कायद्याची माहिती देणारी एखादी सभा दरवर्षी घेतली तर ते पैसे सत्कारसमारंभापेक्षा सत्कारणी लागतील.

प्लॅस्टिकच्या टोपल्यांनी आपला बाजार पुष्कळ हिरावून घेतला आहे, हे खरे. तरीही ज्या कुटुंबात अद्याप कामट्या सोलल्या जातात, तेथे कच्चा माल हाच पहिला प्रश्न आहे. तो सुटण्याचा मार्ग मेंढा आणि पाचगाव यांनी दाखविला आहे. केतय्यांनी कष्टाची मिळकत इतरांबरोबर वाटून खाल्ली. रानाच्या बाबतीत तोच धडा आपण गिरवावयाचा आहे. बेट राहिले तर कोयता राहील, आणि बेट ज्यांनी राखले त्यांच्याशी स्नेह राहिला तरच ते बेट आपल्यालाही पुरेल.