दंतशूळ आणि प्रतीक्षेचा काळ

मुंबईतील नायर दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ चा. तत्पूर्वी परळ-लालबागच्या चाळींतील गिरणीकामगाराने दाढेचा ठणका कसा सोसला असेल, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. खाडा पडला की मजुरी बुडाली. हाताशी साधने तीच: लवंगेच्या तेलाचा बोळा, मिठाच्या पाण्याची गुळणी, उंच उशी. उशीचा उपाय निरर्थक नव्हे. आडवे होताच डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो आणि दाताच्या कठीण कवचात कोंडलेली सुजलेली नस अधिक ठणकते.

प्राचीनांचा उपाय याहून धीट. किडलेल्या दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून डागावी, असे वाग्भट सांगतो. नस जळाली म्हणजे कळ थांबत असावी. सुश्रुत मात्र वरचा दात हलत असला तरी उपटू नये, असे बजावतो. अतिरक्तस्रावाने डोळा जाईल, तोंड वाकडे होईल, हे त्याचे भय. रस्त्यावर दात उपटून घेणाऱ्यांच्या कानी हे कोण घालणार? लवंगेच्या तेलातील युजेनॉल आजचे दंतवैद्यही तात्पुरत्या भरणीत वापरतात. मात्र त्याने नस बधिर होते, कीड हटत नाही, आणि गाल सुजून ताप चढल्यास बोळ्यावर विसंबणे घातक होय.