टिपणपत्र
टिपणपत्र म्हणजे अभ्यासपूर्ण लेखनाच्या पूर्वतयारीत, वाचलेल्या साधनातील एकेक मुद्दा त्याच्या संदर्भासह नोंदवण्यासाठी वापरला जाणारा सुटा कागद होय. शालेय प्रकल्प, निबंध, प्रबंध व कोशकार्य यांत त्याचा उपयोग होतो. वहीतील टिपणे ज्या क्रमाने उतरवली त्याच क्रमाने राहतात; सुटी पत्रे मात्र विषयानुसार हवी तशी लावता येतात.

स्वरूप
या पद्धतीत दोन प्रकारची पत्रे असतात. साधनपत्रावर लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती व वर्ष यांची नोंद करून त्यास क्रमांक दिला जातो. संकेतस्थळ असल्यास ते पाहिल्याची तारीखही लिहितात. टिपणपत्रावर उपविषय, साधनाचा क्रमांक, पृष्ठांक आणि एकच मुद्दा असतो. त्यासाठी ३ × ५ इंच आकाराची जाड पत्रे प्रचलित आहेत.

मूळ मजकूर जसाच्या तसा घेतल्यास तो अवतरणचिन्हांत लिहितात. स्वतःच्या शब्दांतील सारांश आणि स्वतःचे मत यांवर वेगवेगळी खूण करतात. हा भेद टिपण घेतानाच न केल्यास पुढे लेखकाचे शब्द कोणते व आपले कोणते हे ओळखता येत नाही आणि नकळत वाङ्मयचौर्य घडते.

उदाहरण
जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातील भिडे वाड्यात सुरू केलेल्या मुलींच्या शाळेवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यास १८४८ हे वर्ष बहुतेक साधनांत आढळते. मात्र काही लेखनांत १ जानेवारी, तर काहींत ऑगस्ट महिना दिलेला असतो. दोन्ही नोंदी साधनक्रमांकासह वेगवेगळ्या पत्रांवर असल्यास हा मतभेद लक्षात येतो व लेखनात तो प्रामाणिकपणे मांडता येतो. संदर्भ न लिहिलेल्या टिपणाची पडताळणी करता येत नाही. त्यामुळे ते निरुपयोगी ठरते.

इतिहास
अठराव्या शतकात स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने वनस्पती व प्राणी यांच्या नोंदींसाठी सुटे कागद वापरले. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशासाठी स्वयंसेवी वाचकांनी शब्दांची अवतरणे अशाच पत्रांवर उतरवून पाठवली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाच्या प्रकल्पासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळपास एक कोटी शब्दपत्रे तयार करण्यात आली. त्या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला.

सद्यस्थिती
आता ही नोंद संगणकावरही ठेवली जाते. तेथे मजकूर क्षणार्धात उतरवता येत असल्याने अवतरणचिन्ह व पृष्ठांक गळण्याची शक्यता अधिक असते. साधन बदलले तरी नियम तोच राहतो: आधी संदर्भ, मग टिपण.

हे सुद्धा पहा
संदर्भसूची
वाङ्मयचौर्य
कोशवाङ्मय