रस्त्याकडेची घाणेरी जंगलाला का नकोशी झाली आहे?

पिवळ्या-गुलाबी फुलांचे इवलेसे झुबके आणि खरखरीत पानं असलेलं हे झुडूप तुम्ही कुंपणाला, डोंगरावर किंवा हायवेच्या कडेला नक्की पाहिलं असेल. पानं चुरगळली की उग्र वास येतो, म्हणून नाव घाणेरी. काही भागांत हिलाच टणटणी म्हणतात. शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा.

ही आली कुठून?

घाणेरी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. १८०९ च्या सुमारास ब्रिटिशांनी शोभेचं झाड म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली. बागेतून ती कुंपणात गेली आणि कुंपणातून जंगलात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, देशात वाघांचा वावर असलेल्या जंगलांपैकी सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती पसरली आहे.

इतकी वेगाने कशी पसरते?

तिची फुलं रंग बदलतात. ताजं फूल पिवळं असतं, त्यात मध असतो. नंतर ते गुलाबी किंवा लाल होतं, पण लगेच गळत नाही. त्यामुळे झुबका लांबूनही उठून दिसतो आणि जवळ आलेलं फुलपाखरू नेमकं पिवळ्या फुलावर बसतं.

पिकलेली काळी फळं बुलबुल आणि साळुंकीसारखे पक्षी खातात आणि विष्ठेतून बिया दूरवर टाकतात. शिवाय तिच्यातली रसायनं आसपासच्या इतर रोपांची उगवण आणि वाढ रोखतात.

नुकसान नेमकं कोणाचं?

पहिला फटका गवताला बसतो. दाट जाळीखाली ऊन पोहोचत नाही आणि गवत मरतं. गवत गेलं की चितळ, सांबर, गवा यांचा चारा कमी होतो. त्यांच्यावर जगणाऱ्या वाघापर्यंत याची झळ पोहोचते. चाऱ्याच्या शोधात प्राणी शेतात शिरले, तर पीक शेतकऱ्याचं जातं.

गुरांनाही धोका आहे. घाणेरीच्या पानांतल्या विषामुळे यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. एरवी गुरं तिला तोंड लावत नाहीत, पण चाराटंचाईत खातात.

मग तोडून का टाकत नाहीत?

तोडली की ती बुंध्यातून आणखी दाट फुटते. जाळली तरी परत येते. म्हणून दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी वेगळी पद्धत सुचवली: मुख्य मूळ जमिनीच्या थोडं खाली कापायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे नवे धुमारे फुटत नाहीत. मोकळ्या जागेत लगेच स्थानिक गवत लावावं लागतं. नवीन रोपं उपटायला पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा जावंही लागतं. नेमकं हेच काम अनेकदा अर्धवट राहतं.

काढलेल्या घाणेरीचा उपयोगही होतो. नीलगिरीतले आदिवासी कारागीर तिच्या काड्यांपासून फर्निचर आणि खऱ्या हत्तीएवढे हत्ती बनवतात.

आपण काय करू शकतो?

नर्सरीत लँटानाची रंगीत रोपं आजही विकायला असतात. कुंपणासाठी ती घेण्याऐवजी मेंदी किंवा निरगुडी लावता येईल. दोनशे वर्षांपूर्वी हे संकट आलं, तेही एका बागेतूनच.