कोंबड्यांसाठी कृत्रिम प्रकाश

कोंबड्यांसाठी कृत्रिम प्रकाश : दिवस लहान झाल्यावर कोंबड्यांचे अंडी देणे मंदावू नये म्हणून खुराड्यात दिवा लावून प्रकाशाचा दैनिक काळ वाढविण्याची पद्धत. व्यावसायिक लेअर फार्मवर ती वर्षभर वापरतात. परसातील कोंबडीपालनात ती ऐच्छिक असून बहुधा हिवाळ्यापुरती असते. ऊब देणे हा दिव्याचा हेतू नसतो. हिवाळ्यात अंडी घटण्याचे मुख्य कारण थंडी नसून लहान झालेला दिवस हे आहे.

शरीरक्रिया : पाळीव कोंबडीचा पूर्वज असलेला लाल रानकोंबडा ठराविक ऋतूतच प्रजनन करतो. पाळीव जातींत निवड पैदाशीने हे बंधन सैल झाले असले, तरी पुरते सुटलेले नाही. पक्ष्यांमध्ये प्रजननासाठीचा प्रकाश केवळ डोळ्यांतून ग्रहण होत नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूतील संवेदी पेशी टिपतात. फ्रान्समध्ये झाक बेनवा यांनी १९३० नंतरच्या दशकात बदकांवर केलेल्या प्रयोगांतून डोळ्यांवाचूनही हा परिणाम घडतो, हे दिसले. तांबडा प्रकाश ऊतकांतून अधिक खोल जातो. म्हणून तांबूस-पिवळसर दिवे निळसर दिव्यांपेक्षा उपयुक्त ठरतात. प्रकाशाच्या संकेताने अधोथॅलॅमस पोष ग्रंथीला उद्दीपित करतो, तिची हॉर्मोने अंडाशयातील पुटके वाढवितात आणि त्यांतून पीतक, म्हणजे अंड्यातील पिवळा बलक, सुटतो. तेथून पूर्ण अंडे बनण्यास २४ ते २६ तास लागतात. त्यांपैकी सुमारे २० तास कवच चढण्यात जातात. पुटकाची वाढ मात्र त्याआधी अनेक दिवस चाललेली असते. त्यामुळे दिवा लावल्याचा परिणाम दिसण्यास दोन-तीन आठवडे जातात.

प्रकाशकाल व अक्षांश : अंडी टिकून राहण्यासाठी दिवसाचे १४ ते १६ तास प्रकाश पुरेसा मानतात. लंडनमध्ये डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी, तर जूनमधला सर्वांत मोठा सुमारे साडेसोळा तासांचा असतो. म्हणून उत्तरेकडील देशांत हिवाळ्यातील घट तीव्र असते. पुण्यात हेच आकडे सुमारे ११ व सव्वातेरा तास आहेत. म्हणजे महाराष्ट्रात ऋतूंमधला फरक सौम्य असला, तरी वर्षातला सर्वांत मोठा दिवसही १४ तासांपर्यंत पोहोचत नाही. येथील लेअर फार्मवर उन्हाळ्यातही दिवे लागतात, ते यामुळेच. कडक उन्हाळ्यात पहाटेच्या दिव्याचा आणखी एक उपयोग होतो : उष्म्याने दुपारी खाद्य टाकून देणाऱ्या कोंबड्या गारव्यात पोटभर खातात.

पद्धत : पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर सुमारे १० लक्स प्रकाश पुरतो, खुराड्यात वर्तमानपत्र जेमतेम वाचता यावे, ही त्याची ढोबळ खूण. लहान खुराड्याला कमी वॅटचा, पिवळसर प्रकाशाचा एक एलईडी दिवा चालतो. वाढीव प्रकाश शक्यतो पहाटे देतात. संध्याकाळी दिवा एकदम विझला, तर माळ्यावर न चढलेल्या कोंबड्या अंधारात चाचपडतात. पहाटेच्या दिव्यानंतर मात्र उजाडतेच. काळ आठवड्याला १५ ते ३० मिनिटांनी वाढवितात. पुण्यात डिसेंबरअखेर सूर्योदय सातच्या सुमारास व सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. तेव्हा १४ तास भरण्यासाठी पहाटे चारला दिवा लागला पाहिजे. आठवड्याला अर्धा तास या हिशेबाने ही मजल सहा आठवड्यांत गाठली जाते. वेळ चुकू नये म्हणून टायमर लावतात. दिवा अचानक काही दिवस बंद पडला, तर अंडी थांबून पिसे झडू लागण्याची शक्यता असते. भारनियमनाच्या गावी बॅटरीची सोय म्हणूनच आवश्यक ठरते. बंद करतानाही काळ हळूहळू कमी करतात.

खाद्य : प्रकाशाने अंडी वाढली की शरीराची गरजही वाढते. अंडी देणाऱ्या संकरित कोंबडीला दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम लेअर खाद्य लागते. त्यात १६ ते १८ टक्के प्रथिने व सुमारे साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. केवळ उकिरड्यावर व दाण्यांवर जगणाऱ्या कोंबडीला नुसता दिवा लावून फारसे साधत नाही. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवतात.

मर्यादा व धोके : वाढत्या वयाच्या तलंगांना प्रकाश वाढवीत नेणे टाळतात, शरीर तयार होण्याआधी अंडी सुरू झाल्यास ती बारीक येतात आणि अंडनलिका बाहेर येण्याचा धोका वाढतो. वाढीच्या काळात प्रकाश वाढवू नये व अंड्यांच्या काळात घटवू नये, हा यामागचा सर्वमान्य नियम आहे. हिवाळ्याच्या तोंडावर अंड्यावर आलेल्या तलंगा पहिला हिवाळा बहुधा दिव्यावाचूनही अंडी देतात. खुडूक बसलेल्या गावठी कोंबडीचा खंड दिव्याने भरून निघेलच असे नाही. पिसे झडून नवी येण्याचा काळ दोन-तीन महिन्यांचा असू शकतो. त्यात कोंबडीला विश्रांती मिळते, म्हणून काही पाळणारे दिवा लावणे मुद्दाम टाळतात. दिव्याने कोंबडीची जन्मजात अंडी लवकर ‘संपतात’ हा समज मात्र निराधार आहे : पिल्लाच्या अंडाशयात जन्मतःच हजारो बीजपेशी असतात आणि आयुष्यभरात त्यांतला थोडाच अंश वापरला जातो. खुराड्यातील खरा धोका आगीचा. भुसा, धूळ व पिसे यांजवळ तापणारे बल्ब टांगू नयेत. दिव्याला जाळी असावी आणि वायर चोचीच्या व उंदरांच्या आवाक्याबाहेर असावी. रात्रभर दिवा चालू ठेवणेही अयोग्य; कोंबड्यांना सलग सहा ते आठ तास काळोख मिळावा लागतो.