सुताराची वंशावळ

राजांच्या वंशावळी भाटांनीं गाइल्या, सरदारांच्या कैफियतींतून उतरल्या. परंतु ज्याच्या हातच्या नांगरावर सारें गांव पोसलें, त्या सुताराची वंशावळ कोणीं लिहिली? बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील युसूफ वडगाव घ्या, कीं मराठवाड्यांतील दुसरें कोणतेंही गांव घ्या. बारा बलुतेदारांतील सुतारानें नांगर, पाभर, गाडीचीं चाकें घडवावीं आणि खळ्यावर आपलें बलुतें घ्यावें, हा व्यवहार वहिवाटीनें चाले. त्यास कागद क्वचितच लागे. म्हणून त्याच्या वंशजास पणज्यापलीकडील नांव विचारलें, तर तो बहुधा मुकाट राहतो.

कारागिराचें हें प्राक्तनच, असें कोणी म्हणेल. तें तसें नाहीं, हें पाहण्यासाठीं वाचकांनीं क्षणभर आमच्याबरोबर कॅनडांतील क्वेबेक शहरीं यावें. फ्रेंचांनीं १६०८ सालीं वसविलेल्या या ठिकाणीं जाँ व प्येर लव्हासर हे दोघे सुतार बंधू पॅरिसहून आले. १६५७ सालीं त्यांनीं आपल्या व्यवसायबंधूंचा सेंट ॲनच्या नांवानें एक संघ स्थापिला. जाँचा नातू नोएल (१६८०–१७४०) हा कोरीव कामांत नामांकित झाला. तेथील अर्सुलाइन जोगिणींच्या प्रार्थनामंदिरांतील त्याचें लांकडी नक्षीकाम आजही पाहावयास मिळतें. त्याच्या मुलांनीं तीच विद्या पुढें चालविली.

हें सारें कळलें कशावरून? बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी चर्चमध्यें होत, आणि विवाहाच्या करारपत्रांत वधूवरांच्या आईबापांचीं नांवें लिहिलीं जात. तरीही वाट सरळ नाहीं. जाँला ‘लाव्हिन्य’ व प्येरला ‘लेस्पेरांस’ अशीं उपनांवें होतीं. तीं ज्यास ठाऊक नाहींत, तो दोघां सख्ख्या भावांस परके समजेल. आमच्याकडेही गांव सोडून गेलेला ‘वडगावकर’ होतो, मागें राहिलेला भाऊ ‘सुतार’च राहतो, अडचण तीच.

शिवाय कागद जळतो. १६४० सालीं क्वेबेकच्या चर्चला आग लागून नोंदवही नष्ट झाली. तेव्हां पाद्र्यांनीं लोकांच्या व स्वतःच्या आठवणींवरून ती पुन्हा लिहून काढिली. उलट फ्रान्समध्यें १६६७ च्या राजाज्ञेनें प्रत्येक वहीच्या दोन प्रती ठेवण्याचा नियम झाला होता. परंतु पॅरिसच्या दोन्ही प्रती त्याच शहरीं दोन इमारतींत राहिल्या, आणि १८७१ च्या मे महिन्यांतील कम्यूनच्या आगींत दोन्ही इमारती भस्म झाल्या. लव्हासर कुळाचा माग पॅरिसमध्यें काढूं पाहणाऱ्यास म्हणून वकीलनाम्यांच्या व करारपत्रांच्या जुन्या दप्तरांकडेच वळावें लागतें. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं कॅनडांत सिप्रियाँ तांगे या धर्मोपदेशकानें फ्रेंच-कॅनेडियन कुळांच्या वंशकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १८९० पर्यंत त्याचे सात खंड झाले.

यांतून आम्हांस दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली, माणूस जिवंत आहे तोंवर स्मृति हाही कागदच आहे. तो वेळीं उतरून घेतला पाहिजे. दुसरी, प्रत एकाच छपराखालीं ठेवूं नये. १९४८ पर्यंत निजामी अमलाखालीं असलेल्या आमच्या जिल्ह्याचीं जुनीं दप्तरें फारसी, उर्दू व मोडींत विखुरलेलीं. तीं वाचणारे आतां थोडे. पण घरांतील आजीला तिच्या सासऱ्याचें, आजेसासऱ्याचें नांव, त्यांचें मूळ गांव, कोणाच्या वाड्याचे खांब त्यांनीं उभे केले, हें विचारण्यास मोडी यावी लागत नाहीं. शाळेच्या दाखल-खारीज वहींत आजोबांचें नांव शोधावें, तें आजीच्या सांगण्याशीं ताडून पाहावें, आणि त्याची एक प्रत आपल्या घरीं, दुसरी लेकीच्या सासरीं ठेवावी.

क्वेबेकच्या सुताराचें नांव राहिलें, तें त्याचें लांकूड अधिक टिकाऊ होतें म्हणून नव्हे. तें कोणीतरी विचारलें आणि लिहून ठेविलें, म्हणून.