भस्म, अंगठी आणि किरण

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी, कौंडण्यपूर आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हे गाव रुक्मिणीचे माहेर म्हणून माहीत असते. नरेंद्र काय किंवा एकनाथ काय, दोघांच्याही रुक्मिणीस्वयंवराची कथा येथूनच निघते. १९६० नंतरच्या काही वर्षांत मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन व त्याहून जुन्या वस्तीचे थर तेथे सापडले. त्या थरांत भीमक राजाचा वाडा शोधणे हा थरांवरही अन्याय आणि कथेवरही. कथेची साक्ष वेगळी, मातीची साक्ष वेगळी. एकीची दुसरीच्या नावावर मांडता येत नाही.

वाचनाची ही शिस्त आज एका अगदी निराळ्या विषयात हवी आहे, असे आम्हांस वाटते. तो विषय म्हणजे कर्करोगावरील किरणोपचारात सोन्यासारख्या धातूंच्या अतिसूक्ष्म कणांचा उपयोग. या कणांना नॅनोकण किंवा अब्जांश कण म्हणतात. हा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते: ‘आमच्या सुवर्णभस्मात हे पूर्वीच होते.’ वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि औषधांच्या जाहिरातींतून ते इतके फिरले आहे की इतिहास म्हणून खपू लागले आहे.

वऱ्हाडात हा केवळ वादाचा मुद्दा नाही. कौंडण्यपूरच्याच तालुक्यात गुरुकुंज मोझरी आहे. ग्रामगीतेचे कर्ते तुकडोजी महाराज तेथे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने गेले. त्यांचे नाव धारण करणारे कर्करोग रुग्णालय नागपुरात आहे आणि विदर्भातील असंख्य कुटुंबांना तो रस्ता पाठ आहे. किरणोपचाराला बोलीत ‘शेक’ म्हणतात. शब्द आपलेपणाचा खरा, पण फसवा. हे किरण गाठ भाजत नाहीत, ते पेशीतील डीएनए तोडतात. शेकाची धास्ती घेतलेल्या घरात कोणी ‘त्यापेक्षा सोन्याचे भस्म द्या’ असे सुचवले, की इतिहासाचे चुकलेले वाचन रोग्याच्या अंगावर येते.

तेव्हा या विषयाचा खरा आरंभ कोठे मानावा? आमच्या मते, २२ डिसेंबर १८९५ या दिवशी. राँटगेनने त्या दिवशी पत्नी आन्ना बेर्टा हिच्या हाताचे क्ष-किरण चित्र घेतले. मांस जवळजवळ पारदर्शक, हाडे करडी, आणि बोटातील अंगठी मात्र सर्वांत गडद. जगाने त्या चित्रात हाडे पाहिली. आपल्या विषयाचे बीज मात्र अंगठीत होते: धातू किरणांना वाट देत नाही, ते स्वतःत शोषून घेतो. हे शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. सोन्याचा अणुक्रमांक ७९. शरीर ज्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनचे बनले आहे त्यांचे ६, ७, ८. शोषलेली ऊर्जा सोन्याचा अणू इलेक्ट्रॉनांच्या रूपाने बाहेर फेकतो. हे इलेक्ट्रॉन बहुधा फार दूर जात नाहीत. म्हणून सोने गाठीत असले, तर बाहेरून तितकेच किरण देऊनही गाठीत अधिक नासधूस होते आणि शेजारच्या निरोगी भागाला ती झळ लागत नाही. अंगठीची ती सावली अब्जांश करून गाठीत पेरायची, एवढीच ही कल्पना.

तिचा गाजलेला प्रयोग २००४ साली अमेरिकेत हाइनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी केला. स्तनाच्या कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांच्या शिरेत १.९ नॅनोमीटरचे सुवर्णकण सोडून त्यांना क्ष-किरण दिले. वर्षानंतर ८६ टक्के उंदीर जिवंत होते. नुसते किरण दिलेल्यांत २० टक्के. आणि नुसते सोने दिलेल्यांत शून्य.

हा तिसरा आकडा आपल्याकडे कोणी सांगत नाही. सर्व वाद त्याच्याशी येऊन थांबायला हवा. या उपचारात सोने हे औषधच नव्हे. भस्माची सारी कल्पना, धातू मारून त्याला शरीरात पचण्याजोगा करावा, ही तेथे लागूच पडत नाही. उलट सोने जितके निष्क्रिय तितके बरे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री आणि सहकाऱ्यांनी याच २००४ साली गवती चहाच्या अर्कापासून त्रिकोणी सुवर्णकण तयार केले होते. पुढच्या वर्षी पुण्यातच झालेल्या अभ्यासात सुवर्णकण भक्षक पेशींनी गिळले, तरी त्या पेशींना बाधा झाली नाही असे दिसले. सुवर्णभस्माच्या काही तपासण्यांत ५०-६० नॅनोमीटरचे स्फटिककण आढळले आहेत, हे आम्हांला मान्य आहे. परंतु आकार जुळला म्हणजे हेतू जुळला असे होत नाही. रसशास्त्रकारांपुढे किरण नव्हते. त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि तो त्यांचाच राहू देणे हाच त्यांचा मान.

नव्या उपचाराची स्तुतीही बेताने करावी. त्या उंदरांना किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत सोने दिले होते. ५० किलोच्या माणसाला सरळ त्याच हिशेबाने १३५ ग्रॅम, म्हणजे साडेअकरा तोळे लागेल! दुसरी अडचण अधिक खोल. तेथे वापरलेले क्ष-किरण २५० किलोव्होल्टचे होते. रुग्णालयातील यंत्रांची शक्ती याहून पुष्कळ अधिक असते. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेल्या ‘भाभाट्रॉन’मधील कोबाल्टचे किरणही सव्वा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे. एवढ्या ऊर्जेला अंगठीची सावली फिकी पडते. तरीही पेशींवरील प्रयोगांत गणितापेक्षा अधिक परिणाम दिसला आहे आणि त्याची कारणे रसायनात व पेशीच्या घडणीत शोधली जात आहेत.

माणसांवरचा पहिला मोठा पुरावा सोन्याचा नाहीच. तो हाफ्नियम या धातूच्या ऑक्साइडचा आहे. मऊ ऊतींच्या सार्कोमाच्या १८० रुग्णांवर चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीत कण टोचून किरण दिलेल्यांपैकी १६ टक्के रुग्णांची गाठ जवळजवळ निर्जीव झाली. नुसत्या किरणांनी ८ टक्क्यांची. आपल्याकडच्या नित्याच्या उपचारांत हे कण अजून आलेले नाहीत. नागपूरच्या रुग्णालयात आज वऱ्हाडातून जो रोगी जातो, त्याला मिळतात ते साधेच किरण. मात्र त्या उंदरांपैकी जे वर्षभर जगले, त्या प्रत्येकाला किरण मिळाले होते.